सकाळी सहा वाजता पुन्हा काम सुरू

परमवीर चक्राची मानपत्रं वाचायचा नाद मला निवृत्तीनंतर लागला. त्यांची भाषा बहुतेक एकाच वळणाची. अतुलनीय धैर्य, असामान्य नेतृत्व, प्राणांची पर्वा न करता. यातलं काही खोटं नसतं, पण ओळीने चार-पाच मानपत्रं वाचली की माणसं एकमेकांत मिसळायला लागतात. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचं मानपत्र मात्र वेगळं पडतं. विशेषणं त्यातही आहेत, पण लक्षात राहतात त्या वेळा. अकरा वाजता तोफगोळे सुरू. साडेचारला टेकडी ताब्यात. रात्री दहापर्यंत काम. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरू, दुपारी तीनला वळणरस्ता तयार. पावणेपाच, साडेसहा, साडेदहा. चार दिवसांची हकीगत आणि पानभर घड्याळ.

सार्वजनिक बांधकाम खात्यात माझी उभी नोकरी घाटरस्त्यांवर गेली. त्यामुळे हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा वीरकथेच्या आधी मला आमची कामाची डायरी आठवली. साखळी क्रमांक अमुक, मोरी वाहून गेली, हजर मजूर इतके, काम सुरू इतक्याला, वाहतूक खुली इतक्याला. आमच्या डायरीत मशीनगन नसे, एवढाच काय तो फरक. तो फरक केवढा मोठा आहे हे मला कळतं. तरीही राण्यांची गोष्ट सांगताना लोक मशीनगनवर भर देतात आणि काम निसटून जातं, असं मला वाटत आलंय. त्या माणसाने चार दिवस काम केलं. गोळ्या चालू होत्या, आणि तो काम करत होता.

राणे मूळचे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. जन्म २६ जून १९१८. घर कोकणी मराठ्यांचं, वडील पोलिसात शिपाई. उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे पुढे खडकीला येऊन दाखल होणं हे त्या काळच्या हिशेबाने परमुलखात जाणं नव्हतं. वडिलांच्या बदल्यांपायी शाळा धड एका जागी झाली नाही. १९३० मध्ये देशभर सत्याग्रहाचं वारं सुटलं आणि बारा वर्षांच्या पोराला ते लागलं. सरकारी पोलीस असलेल्या बापाच्या पोटात गोळा आला असणार. त्यांनी बिऱ्हाड उचलून कुटुंब गावी नेलं. दहा वर्षांनी तोच मुलगा सरकारच्याच फौजेत भरती झाला. यात विसंगती शोधणाऱ्यांनी जरूर शोधावी. बाविसाव्या वर्षी, शिक्षण तुटक, जग लढाईत, असा मुलगा काय करतो, तर भरती होतो. तारीख होती १० जुलै १९४०, पलटण बॉम्बे सॅपर्स, म्हणजे सैन्यातले इंजिनिअर.

पुणेकर ज्याला नुसतं ‘बीईजी’ म्हणतात ते खडकीचं केंद्र म्हणजे याच सॅपर्सचं घर. पूल बांधणं, पूल उडवणं, रस्ता करणं, रस्ता बंद करणं, पाणी काढणं, सुरुंग पेरणं आणि पेरलेले वेचणं, अशी तिथली विद्या. हातात बंदूक असते, पण दिवसाचा बहुतेक वेळ हातात असतं ते फावडं. राणे त्या तुकडीतले सर्वोत्तम रंगरूट ठरले आणि त्यांना कमांडंटची छडी मिळाली. त्यानंतर नेमणूक झाली २८ फील्ड कंपनीत, २६व्या इन्फन्ट्री डिव्हिजनबरोबर. मोर्चा होता ब्रह्मदेशाचा, आराकानचा.

आराकानबद्दल रस्त्याच्या माणसाने थोडं जास्त बोललं तर चालावं. चितगावपासून दक्षिणेला समुद्राच्या कडेने जाणारी ही पट्टी म्हणजे खाड्या, भातखाचरं आणि मधोमध उभी जंगली डोंगररांग. मे महिना संपायच्या सुमारास पाऊस सुरू झाला की वाटेचं नामोनिशाण राहत नाही. त्यातून त्या किनाऱ्यावर रस्त्याला घालायला दगड नाही. खडी नाही तर रस्ता कशाचा? म्हणून सैन्याने रस्त्याच्या बाजूने वीटभट्ट्या लावल्या आणि लाखो विटा पाडून विटांचा रस्ता केला. वर रणगाडे आणि ट्रक, खाली चिखल, मध्ये एक विटेचा थर. तो रस्ता रोज खचत असणार आणि रोज कुणीतरी तो उचलत असणार. त्या ‘कुणीतरी’ची नावं युद्धाच्या इतिहासात नसतात. कोकणात पावसाळ्यात खड्डे बुजवणारे मैलकुली मी आयुष्यभर पाहिलेत, त्यांचीही कुठे नसतात.

डोंगररांगेच्या पश्चिमेला माउंगडॉ आणि पूर्वेला बुथिडाउंग. या दोघांना जोडणारा रस्ता जुन्या रेल्वेच्या मार्गावरून, डोंगरातल्या बोगद्यांमधून जातो. ज्याच्या हाती तो रस्ता त्याच्या हाती तो मुलूख. १९४२ च्या डिसेंबरात सुरू झालेली पहिली आराकान मोहीम फसली. मातीत पुरलेल्या जपानी बंकरांवर समोरून पुन्हा पुन्हा हल्ले झाले, ते वाया गेले, आणि उलट्या मुसंडीने मे १९४३ पर्यंत सगळं सैन्य निघाल्या जागी परत आलं.

चढाईत सॅपर सगळ्यांच्या पुढे असतो आणि माघारीत सगळ्यांच्या मागे. पायदळ निघून गेल्यावर शत्रूच्या उपयोगी पडेल असं जे जे मागे राहिलं ते नष्ट करायचं आणि मग आपण निघायचं. बुथिडाउंगला ही जबाबदारी राणे आणि दोन तुकड्यांवर आली. ठरलं होतं असं की काम आटोपल्यावर नौदलाची जहाजं त्यांना उचलतील. काम झालं, जहाजं काही आली नाहीत. पुढे नदी, नदीवर जपान्यांची गस्त. राण्यांनी आपल्या माणसांना घेऊन गस्तीच्या नजरेआड ती नदी पार केली आणि चालत जाऊन डिव्हिजन गाठली. याबद्दल त्यांना हवालदारकी मिळाली. पुढे ते जमादार झाले.

त्या रात्रीचं कुणी सविस्तर लिहून ठेवलं असतं तर आज वाचायला मिळालं असतं. ते नाही, तेव्हा मी रंग भरत बसत नाही. मला त्यात एकच गोष्ट मोलाची वाटते. पुढे ज्या माणसाने बंद केलेला रस्ता उघडला, तो आधी रस्ते बंद करायला शिकला होता, तेही पाठीवर शत्रू घेऊन. झाड कुठे पाडलं की वळण अडतं, मोरी कुठे फोडली की भराव सगळाच बसतो, स्फोटकाची वडी कुठे बांधायची, हे एकदा स्वतःच्या हाताने केलेलं असलं की दुसऱ्याने केलेलं वाचता येतं.

महायुद्ध संपलं, फाळणी झाली, सैन्य वाटलं गेलं. १५ डिसेंबर १९४७ ला राणे सेकंड लेफ्टनंट झाले. वय एकोणतीस. अकादमीतून विशी-बाविशीत याच हुद्द्यावर येणाऱ्या पोरांच्या मानाने थोराडच. सात वर्षं खाली काढून वर आलेला अधिकारी. आमच्या खात्यात मिस्त्रीचा इंजिनिअर झालेले असे एक-दोघे होते. कामावर ते आले की मुकादमाचा आवाज आपोआप खाली यायचा, कारण त्यांना फसवता येत नसे.

काश्मीरची पहिली लढाई चालू होती, आणि चार महिन्यांच्या आत ते नौशेऱ्यात होते. जम्मूहून अखनूर, बेरी पट्टण करत नौशेरा आणि तिथून पुढे राजौरी. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजौरी टोळीवाल्यांच्या हाती पडली होती आणि ऐन दिवाळीच्या दिवसांत तिथे हजारोंची कत्तल झाली होती. डिसेंबरात झांगड गेलं. फेब्रुवारीत नौशेऱ्यावर मोठा हल्ला झाला, तो ब्रिगेडियर उस्मान यांच्या ब्रिगेडने परतवला. १८ मार्च १९४८ ला झांगड परत मिळालं. आता राजौरी. बातम्या येत होत्या त्या अशा की तिथे उरलेल्या लोकांसाठी एकेक दिवस महत्त्वाचा होता.

नौशेरा ते राजौरी हा जुना मुघल रस्ता. बादशहांचे काफिले काश्मीरला याच वाटेने चढायचे. मध्ये चिंगसला एक सराई आहे. काश्मीरहून परतताना १६२७ साली जहांगीर वाटेतच वारला. लाहोरपर्यंत देह टिकावा म्हणून त्याची आतडी या सराईत पुरली, अशी तिथली आख्यायिका. बाजूने नदी वाहते ती तवी. जम्मू शहरातली तवी वेगळी, ही मनावर तवी. रस्ता डोंगराच्या कुशीतून जातो, एका हाताला चढ आणि दुसऱ्या हाताला नदीपर्यंत उतार. मानपत्रातही म्हटलंय की रस्ता सापासारखा डोंगराला वेढे घालत होता. मानपत्र लिहिणाऱ्या लष्करी बाबूला एवढी एकच उपमा सुचली, पण ती बरोबर जागी पडली आहे.

८ एप्रिलला चौथी डोग्रा पलटण निघाली. पुढे बरवालीची धार होती. राण्यांच्या ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या तुकडीकडे सुरुंग आणि अडथळे काढायचं काम. रणगाडे सेंट्रल इंडिया हॉर्सचे. सव्वीसाव्या मैलाजवळ, सकाळी अकरा वाजता, तुकडी रणगाड्यांपाशी कामाच्या तयारीत उभी असताना उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोघे जागीच गेले, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः होते. कामाला हात लागण्याआधीच पथकातली सात माणसं कमी झाली किंवा रक्ताळली. मानपत्र पुढच्याच वाक्यात सांगतं की त्यांनी ताबडतोब पथकाची फेरजुळणी केली आणि काम सुरू केलं.

त्या दोघांची नावं मानपत्रात नाहीत. पद्धतच तशी असते, समजू शकतो. पण खटकतं.

राण्यांच्या गोष्टीत एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. रस्ता सुरुंगांनी भरलेला, वरून गोळ्यांचा वर्षाव. तेव्हा राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले, त्याच्याबरोबर रांगत पुढे सरकले, सुरुंग दिसला की थांबवून तो काढला. चालकाशी बोलायचं कसं? दोन दोऱ्या. एकीला हिसका दिला की पुढे, दुसरीला दिला की थांब. हा प्रसंग डोळ्यांसमोर आणून पाहा. पाठीच्या वर काही बोटांवर लोखंड, दोन्ही बाजूंना फिरते पट्टे, नाकासमोर संशयास्पद माती. शाळेतल्या मुलांना सांगायला याहून चांगली गोष्ट नाही. मानपत्रात दोऱ्या नाहीत. तिथे एवढंच आहे की दिवसभर ते मशीनगन आणि तोफांच्या माऱ्यात रणगाड्यांजवळ होते. मला हे साधं वाक्यही पुरतं. ‘दिवसभर’ हा त्यातला शब्द मी सोडून पुढे जाऊ शकत नाही.

सुरुंग काढणं म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. जमिनीवर पोट टेकून, संगीन तिरकी धरून माती हलकेच टोचत जायचं. सरळ खुपसायची नाही, कारण सुरुंगाचा जीव वरच्या बाजूला असतो. टोकाला काही कठीण लागलं की थांबायचं आणि बोटांनी कडेकडेची माती काढायची. खाली किंवा बाजूला दुसरा काही फास लावलेला नाही ना, हे चाचपायचं. शंका आली तर दोर बांधून, लांब जाऊन ओढायचं. मग पुढची वीत. हे काम घाईने करता येत नाही आणि मागे रणगाड्यांची रांग उभी असताना सावकाशही करता येत नाही.

दुपारी साडेचारला बरवालीची धार ताब्यात आली. शत्रू पुरता हटलेला नाही हे माहीत असूनही राणे पथक घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढायला लागले. रात्री दहापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरू, दुपारी तीनला पुरा. मी हिशेब केला. साडेपाच तास आणि नऊ तास, मिळून साडेचौदा तास. डोंगराच्या कडेने, पहारी-फावड्यांनी, रणगाडा पेलेल असा उतार कापून काढायला साडेचौदा तास. आमच्याकडे याच कामाला निविदा, कार्यारंभ आदेश आणि मुदतवाढ, अशी तीन पत्रं आधी लागली असती. थट्टा सोडा, पण यंत्राशिवाय एवढ्या वेळात ते काम होतं यावर कागदावर मी विश्वास ठेवला नसता.

मग राणे सगळ्यात पुढच्या कॅरियरमध्ये चढले. कॅरियर म्हणजे पट्ट्यांवर चालणारी, वरून उघडी, छोटी चिलखती गाडी. अर्धा मैल गेले तर रस्त्यावर चीडची झाडं आडवी. उतरले, स्फोटकं लावून उडवली, पुढे. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजत आले. पुढची मोरी फोडलेली. कामाला हात घालायच्या आत मशीनगन सुरू झाली. बाजूने वळण काढलं, रांग पुढे सरकली. सव्वासहा. डोंगरात उजेड लवकर जातो. समोर पाच मोठी चीडची झाडं, भोवती सुरुंग, वर मशीनगनची नजर.

रस्त्यात पडलेलं झाड काय असतं हे मला माहीत आहे. एका आषाढात आंबोली घाटात आंब्याचं जुनं झाड मुळासकट रस्त्यावर आलं. दोन्ही बाजूंना एसट्या अडकलेल्या. मी तरुण होतो, करवत घेऊन माणसं थेट बुंध्याला लावायला निघालो, तसा आमचा मालवणी मुकादम म्हणाला, “सायब, खोडाक हात लावू नकात. आदी खांदयो तोडूया.” झाड फांद्यांवर तोललेलं असतं. फांदी एका बाजूची गेली की खोड भलतीकडे लोळतं आणि माणूस खाली सापडतो. मग एकेक फांदी, कोयता, कुऱ्हाड, वरून पाऊस. सकाळी आठला भिडलो होतो, पहिली एसटी सुटली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. एक झाड. सुरुंग नाही, गोळी नाही, चहाची किटली दोनदा फिरलेली.

राण्यांनी त्या संध्याकाळी पाच झाडांपाशी सुरुंग वेचायला सुरुवात केली होती. रणगाड्यांच्या ताफ्याच्या प्रमुखाने परिस्थिती ओळखून ते रात्रीपुरते आडोशाला घेतले. मला तो प्रमुखही आवडतो. हिंमतवान माणसाला वेळेवर थांबवणारा वरिष्ठ सगळ्यांच्या नशिबी नसतो. १० एप्रिलला पहाटे पावणेपाचला काम पुन्हा सुरू झालं, साडेसहाला रस्ता मोकळा. पाच झाडं, भोवतीचे सुरुंग, पावणेदोन तास. पुढच्या हजार यार्डांत अडथळ्यांची माळ आणि फोडलेले भराव. साडेदहापर्यंत तेही पार.

लष्करात एक साधा नियम आहे: नुसता अडथळा उभा करून उपयोग नसतो, त्यावर कुणाची तरी बंदूक रोखलेली असावी लागते. नुसतं झाड पाडलं तर शत्रूचे दोन तास जातात, झाडावर मशीनगन रोखली तर शत्रूचे इंजिनिअर जातात. म्हणजे प्रत्येक ठिकाणी राणे जिथे उतरत होते ती जागा समोरच्याने आधीच नेम धरून ठेवलेली होती. हे त्यांना माहीत नसेल असं होणारच नाही. बुथिडाउंगचा माणूस तो.

यानंतर मानपत्रात जे येतं त्यावरून लोक पटकन पुढे जातात. साडेदहानंतर रणगाडे रस्ता सोडून तवीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचलेही. म्हणजे ज्यांच्यासाठी रस्ता उघडायचा होता त्यांना आता रस्त्याची गरज उरली नव्हती. जखमी माणूस, तीन दिवसांचा जागलेला. इथे थांबला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण रणगाड्यांच्या मागे ट्रक असतात. पेट्रोल, दारूगोळा, पाणी, शिधा, जखमींना परत नेणाऱ्या गाड्या. त्यांना नदीपात्र चालत नाही, त्यांना रस्ता लागतो. राणे त्या रस्त्यावर परत वळले आणि रात्री नऊपर्यंत, अन्न आणि विश्रांतीशिवाय, काम करत राहिले. पहाटे पावणेपाच ते रात्री नऊ, सव्वासोळा तास. ११ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरू. अकरा वाजता चिंगसपर्यंत रस्ता खुला. मग त्याच्याही पुढचा रस्ता, रात्री दहापर्यंत. आणखी सोळा तास.

परमवीर चक्र मला द्यायचं असतं तर या दीड दिवसासाठी दिलं असतं. रणगाड्यापुढे रांगणाऱ्या माणसाकडे सगळी फौज पाहत असते. मागच्या मालमोटारींसाठी भराव नीट करणाऱ्याकडे कुणी पाहत नसतं. आणि मोहीम खरी टिकते ती मालमोटारींवर. चिंगसला पोचलेले रणगाडे पेट्रोलविना लोखंडाचे ढीग झाले असते. हे राण्यांनी ओळखलं, असं मानपत्रातच आहे: रस्ता उघडणं अत्यंत निकडीचं आहे हे जाणून ते काम करत राहिले. त्या मजकुरातलं सगळ्यात शहाणं वाक्य आहे ते, आणि त्यात एकही मोठा शब्द नाही.

१२ एप्रिलला राजौरी ताब्यात आली.

याच बॉम्बे सॅपर्समधला, याच १९१८ साली जन्मलेला आणखी एक सेकंड लेफ्टनंट आहे, त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. प्रेमिंद्र सिंग भगत. हे अकादमीतून आलेले, १९३९ मध्ये अधिकारी झालेले. सुदान आणि ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया) यांच्या सीमेवर मेटेम्मा पडल्यानंतर, ३१ जानेवारी १९४१ च्या रात्रीपासून, पळणाऱ्या इटालियन सैन्याच्या पाठलागात रस्त्यातले सुरुंग काढायचं काम त्यांच्याकडे होतं. चार दिवस, पंचावन्न मैल, पंधरा सुरुंगक्षेत्रं, सगळ्यात पुढच्या कॅरियरमध्ये बसून. दोनदा कॅरियर उडाली, बरोबरची माणसं गेली-जखमी झाली. एकदा दबा धरून बसलेल्यांनी जवळून गोळीबार केला. एका कानाचा पडदा फाटला. बदली माणूस द्यायची तयारी झाली तेव्हा भगतांनी नकार दिला. कारण काय दिलं, तर आता या कामासाठी मीच जास्त लायक झालोय. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी.

या उत्तरात शौर्याचा दावा नाही, हात बसल्याचा आहे. आता मला या रस्त्याची, या पेरणाऱ्याची खोड कळली आहे, नवा माणूस पहिल्यापासून शिकेल आणि शिकता शिकता मरेल. कुठलाही चांगला मिस्त्री हेच म्हणेल. भगत पुढे लेफ्टनंट जनरल झाले. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणाऱ्या अहवालावर हेंडरसन ब्रूक्सबरोबर त्यांचं नाव आहे. तिथेही त्यांनी सुरुंगच शोधले म्हणायचे, आणि तो अहवाल अजून सरकारने पूर्ण खुला केलेला नाही.

राण्यांची पुढची वाट साधी. १९४७-४८ च्या त्या लढाईत पाच परमवीर चक्रं दिली गेली, त्यांतली तीन मरणोत्तर. राणे आणि लान्स नाईक करम सिंग हे दोघे जिवंत राहिले. मेजर म्हणून राणे १९६८ मध्ये निवृत्त झाले, आणि सगळ्या नोकरीत पाच वेळा त्यांचं नाव लष्करी खलित्यांमध्ये गौरवाने घेतलं गेलं. १९९४ च्या जुलैत पुण्यात ते वारले. कारवारच्या किनाऱ्यावर, जुन्या युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं होतं, आणि २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटालाही. रस्त्याच्या माणसाला जहाज आणि बेट, याची मला गंमत वाटते. कारवारच्या माणसाला समुद्र परका नाही म्हणा. पण एखादी मोरी, एखादं वळण त्यांच्या नावाने ओळखलं गेलं असतं तर आमच्या जमातीला जास्त बरं वाटलं असतं.

तो रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग १४४-अ आहे, जम्मूपासून अखनूर, नौशेरा, राजौरी करत पूंछपर्यंत. सीमा सडक संघटना तो रुंद करते आहे. वाटेत चार बोगदे आहेत. नौशेऱ्याचा सातशे मीटरचा बोगदा जानेवारी २०२४ मध्ये आरपार झाला. त्याची बातमी आली तेव्हा मी सवयीने आधी भूस्तराचं काही लिहिलंय का ते शोधलं, मग वायुवीजन, मग पाण्याचा निचरा. बातमीत फक्त प्रवासाचा किती वेळ वाचणार ते होतं.